चोरीचं चालतंय, फुकटचं नको

आज विश्रामबागेत एका रिपेरिंगच्या दुकानात प्रिंटरची केबल आणायला गेलतो. समोर एक कॉलेजची पोरगी आणि तिचे वडील, हातात चांगला चालता लॅपटॉप. दुकानदार म्हणतोय, विंडोज १० बंद झालं, ११ ह्यात चढत नाय, नवीन घ्या. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरंय, पण म्हणून मशीन भंगारात? न राहवून म्हणलं, लिनक्स टाका की, विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम, फुकट आहे. दुकानदार हसला. "फुकटचं कुठं चांगलं असतंय व्हय?" वडिलांनीही मान डोलावली. आणि त्याच काउंटरवर पाचशे रुपयात क्रॅक, म्हणजे चोरीचं, विंडोज मारून मिळतंय, त्याला रांग!

आमच्या अण्णांचा लॅपटॉप २०१३ चा, ४ जीबी रॅम. चालू करून चहा पिऊन आलं तरी गोल फिरतच असायचं. मी त्यावर मिंट टाकलं, लिनक्सचाच एक प्रकार, त्यातलं जुन्या मशीनला झेपणारं हलकं एक्सएफसीई वालं. तीन दिवस शिव्या खाल्ल्या, "माझं स्टार्ट कुठं गेलं रे?" चौथ्या दिवशी बघतो तर द्राक्षाच्या फवारणीचा आणि डिपिंगचा (घड औषधात बुडवायचं काम) हिशेब लिब्रेऑफिसमधे, म्हणजे फुकटच्या एक्सेलसारख्यात, मांडून बसलेत. सातवी शिकलेला माणूस.

हिशेबाचं टॅली त्यावर सरळ चालत नाय, मान्य. छपाईची पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्यांचं अडतं, मान्य. वायफायपायी माझा अख्खा रविवार गेला, तेपण मान्य, अण्णांना सांगू नका.

पण फुकट म्हणजे टाकाऊ हे कुणी शिकवलं लगा? १९९१ ला हेलसिंकीच्या एका कॉलेजच्या पोरानं, लिनस टोरवाल्ड्सनं, लिनक्स सुरू केलं आणि पुढं जगभरच्यांनी भर घातली, गावच्या यात्रेच्या जेवणासारखं, ज्याला जमेल त्यानं शिधा द्यायचा आणि पंगतीला सगळे, तिथं वर्गणी न देता दोनदा आमटी मागताना नाय आठवत आपल्याला फुकटचं! केरळच्या सरकारी शाळांतली पोरं कित्येक वर्षं ह्यावरच शिकतायत. आणि दुकानदार ज्या ॲन्ड्रॉइड फोनवर बोलत होता त्याच्या बुडाशी काय आहे? लिनक्सच.

असो, त्याचंही पोट आहे, दिवसभर उभा असतो बिचारा. मला लागलं ते वेगळंच. निघताना ती पोरगी हळूच म्हणाली, "काका, त्यात मराठी टाइप होतं का?" मी तोंड उघडेपर्यंत वडिलांनी हाक मारली, गेली. होतं की गं, अण्णा रोज करतात.

आत्ताच त्यांचा फोन, मराठी टाइप करताना मधेच इंग्रजी उमटतंय म्हणे. खाली कोपऱ्यात भाषेचं चिन्ह आहे त्यावर क्लिक करा म्हणलं. थांबा, परत वाजला.