खुलासा: कृतिदेव फॉन्ट सर्व्हरवर चढवून मराठी साइट होत नाही

सांगलीत हळद-बेदाण्याच्या दुकानांच्या साइट करणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरतो आहे: 'डीटीपीतला कृतिदेवचा मजकूर तसाच पेस्ट करा, फॉन्टची फाइल सर्व्हरवर ठेवा, काम झालं.' हे चूक आहे. कृतिदेव हा डीटीपीत, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवताना, वापरला जाणारा युनिकोड नसलेला फॉन्ट आहे.

पडद्यावर मराठी दिसेल, पण आत रोमन अक्षरं असतात. कृतिदेवमधला 'क' म्हणजे प्रत्यक्षात इंग्रजी 'डी'. त्यामुळे 'हळद' शोधणाऱ्याला ते पान सापडत नाही, आणि दृष्टिहीनांचा स्क्रीन रीडर निरर्थक अक्षरं वाचतो. खात्री करायची तर पानावरचा परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका; तिथे रोमन अक्षरंच दिसतील.

मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, आणा आणि मग डोळ्यांनी तपासा. चुका बहुधा पहिली वेलांटी आणि रफार इथे होतात. कृतिदेवमध्ये वेलांटी व्यंजनाआधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलट.

फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, डब्ल्यूओएफएफ२ या वेबसाठीच्या फाइल-स्वरूपात. फाइल लहान करण्यासाठी फॉन्टटूल्स या साधनाने फॉन्टमधली नको ती अक्षरं छाटताना ०९०० ते ०९७एफ एवढाच देवनागरीचा युनिकोड-क्रमांकांचा पट्टा ठेवू नका. २००सी, २००डी ही अदृश्य जोडचिन्हं आणि रुपयाचं २०बी९ही हवं. भावफलकावर ₹ वेगळ्याच फॉन्टात उमटतो तो यामुळेच.

एचटीएमएल टॅगमध्ये भाषा 'एमआर' (मराठीचा संकेत) लिहायला विसरू नका. नोटोसारख्या फॉन्टमध्ये त्याशिवाय 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात.