गगनबावड्यात आतून ओलं झालेलं जॅकेट: तुमच्या एक स्टारला उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या दुकानाबद्दल तुम्ही टाकलेला एक स्टारचा अभिप्राय वाचला. मुख्य तक्रारी चार आहेत. शिकारीचे कपडे मागितले तर दुकानातल्या मुलाने साधे खाकी-हिरवे शर्ट-पँट दाखवले. लष्करी छापाची पँट मागितली तर नाही म्हणाला आणि वर शहाणपण शिकवलं. ३,९०० रुपयांचं पावसाळी जॅकेट गगनबावड्याच्या घाटात दोन तासांत आतून ओलं झालं. आणि तसंच दिसणारं जॅकेट ऑनलाइन १,१०० ला मिळतं, म्हणजे आम्ही लुटतो. हे वाचणारे बरेच जण पावसाळ्याच्या तोंडावर हीच खरेदी करणार आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी जॅकेट, कारण तुमचे पैसे तिथं गेलेत. तुम्हीच लिहिलंय की खांदे आणि मान कोरडी राहिली, पाठ आणि काखा मात्र चिंब झाल्या. पाणी शिवणीतून किंवा कापडातून आलं असतं तर सगळ्यात आधी खांदे भिजले असते. पाऊस तिथं थेट पडतो, सॅकचे पट्टे तिथंच दाबतात, आणि दाबाखालीच पाणी कापडात घुसतं. काखा आणि पाठ भिजली ती घामाने. तुम्ही टाकलेल्या फोटोत आत जाड सुती टी-शर्ट दिसतोय आणि जॅकेटला वारा खेळण्यासाठी दिलेल्या काखेतल्या झिपा बंद आहेत. सुती कापड घाम पिऊन बसतं, सोडत नाही. चढ संपला, वारा लागला की तेच कापड अंगाला गार पडतं आणि माणसाला वाटतं जॅकेट गळतंय.

पाणी अडवून वाफ सोडणारी जॅकेटं हे काम कसं करतात तेही सांगतो. आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच वाफ बाहेर जाते. जुलैत गगनबावड्याच्या घाटात ढग रस्त्यावर उतरलेला असतो, बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. मग वाफ जाणार कुठं? त्यात वरचं कापड पाणी प्यायलं की उरलेली वाटही बंद होते आणि वाफेचं पाणी होऊन आतल्या बाजूला जमतं. अशा जॅकेटांत वापरल्या जाणाऱ्या गोअर-टेक्सचा शोध १९६९ साली लागला आणि त्यातून फार मोठं काम झालं, पण तीस हजारांचं गोअर-टेक्स जॅकेट घालून तुम्ही त्याच घाटात भराभर चढलात तरी पाठ ओली होणारच. हवेचा नियम किमतीप्रमाणे बदलत नाही. हे मी विकणारा माणूस म्हणून सांगतोय, आणि दुकानातही सांगतो.

म्हणूनच तुम्ही आलात तेव्हा मुलाने तुम्हाला आधी ६०० रुपयांचा पाँचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा, खालून मोकळा रेनकोट दाखवला होता. तो स्वस्तातला माल खपवत नव्हता. राधानगरी-गगनबावड्याकडं भातलावणी करणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या इरलं पांघरून दिवसभर पावसात वाकून काम करत आल्या. बांबूच्या सांगाड्यावर पानं, वरून पाऊस अडला, खालून सगळं मोकळं, वारा खेळता. सावकाश चालायचं असेल, फोटो काढत थांबायचं असेल, तर आपल्या पावसाला हीच पद्धत योग्य आहे आणि पाँचो तेच करतो. सॅकसुद्धा त्याच्याखाली झाकली जाते. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वाऱ्याने तो उडतो आणि करवंदीच्या जाळीत फाटतो, हे खरं. तिथं जॅकेटच हवं. तुम्हाला जॅकेट हवं होतं, आम्ही चांगलं जॅकेट दिलं.

आता १,१०० रुपयांची गोष्ट. त्या जॅकेटची लिंक तुम्ही दिलीय, मी नीट बघितली. तिथं 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलंय. त्याचा अर्थ शिंतोडे झेलेल, एवढाच. आमच्या जॅकेटच्या लेबलवर १०,००० मिलिमीटर लिहिलंय. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत नेतात आणि किती उंचीला पाणी कापडातून पलीकडं येतं ते मोजतात, तो हा आकडा. म्हणजे दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. पण खरा फरक त्याहून साध्या ठिकाणी आहे. कुठलंही जॅकेट उलटं करा आणि शिवण बघा. सुई जिथं जिथं गेली तिथं भोक पडलेलं असतं, आणि त्यावर आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर कापड कितीही भारी असो, पाणी त्या भोकांतून येणार. आमच्या जॅकेटच्या सगळ्या शिवणींवर पट्टी आहे, टोपीच्याही. काही स्वस्त मालात फक्त खांद्याला पट्टी लावतात आणि बाकी तसंच सोडतात. दुकान कुठलंही असो, घेण्याआधी ही एक गोष्ट बघाच.

किमतीत कराचाही वाटा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आणि त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के. तुमच्या ३,९०० मधले जवळपास ५९५ रुपये कराचे आहेत, बिलावर वेगळे छापलेत. म्हणूनच शर्ट-पँट मी मुद्दाम २,५०० च्या खूप खाली ठेवतो. इचलकरंजीचं पॉलिस्टर-कॉटन कापड घेऊन इथल्याच शिलाई करणाऱ्यांकडून शिवून घेतो. शर्ट ९५०, पँट १,३५०. गुडघ्याला दुहेरी कापड, मांडीच्या खिशाला झाकण, रंग सुक्या गवताचा नाहीतर ओल्या मातीचा. सुतीपेक्षा कितीतरी लवकर वाळतात. तुम्ही ज्यांना साधे कपडे म्हणालात ते हेच. पक्षी बघायला जाणारी मंडळी आणि वनखात्यात काम करणारे काही गिऱ्हाईक दरवर्षी तेच नेतात.

शिकारीच्या कपड्यांबद्दल. तुम्ही युरोप-अमेरिकेतल्या व्हिडिओत बघितलेले कपडे उत्तम असतात, यात वाद नाही. पण ते कशासाठी बनतात? थंडीच्या दिवसांत मचाणावर किंवा झुडपाआड तासन्‌तास न हलता बसण्यासाठी. त्यात ऊब भरलेली असते. आपल्याकडं दाजीपूरच्या रानात तो कोट घालून चाललात तर अर्ध्या तासात काढून हातात घ्याल. शिवाय तिथं अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत बंदूक घेऊन फिरणाऱ्याला भडक केशरी रंग घालणं कायद्याने बंधनकारक आहे, दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून. हरणाला लाल-केशरी रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्यामुळं त्यांचं काम अडत नाही. आपल्याकडं १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती, यानंतर शिकारीचा विषयच संपला. कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं त्या दाजीपूरला १९५८ मध्येच अभयारण्य केलं गेलं. त्याचा मला कोल्हापूरकर म्हणून मनापासून अभिमान आहे. त्यामुळं 'शिकारीचे कपडे' अशी पाटी मी दुकानात लावणार नाही.

पण त्या कपड्यांतलं जे आपल्या उपयोगाचं आहे ते मी नक्की घेतो. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे आवाज. प्लॅस्टिकसारखं कडक कापड हात हलवला की सळसळतं आणि गवा किंवा शेकरू तुम्ही दिसायच्या आधी सावध होतात. शिकारीच्या भारी कपड्यांचे जास्तीचे पैसे मुख्यतः याचेच असतात: वरून घासून मऊ केलेलं, न वाजणारं कापड. ते पाणी अडवणाऱ्या थरावर चढवलं की किंमत खूप वाढते. स्वस्तातला उपाय असा की कोरड्या दिवसांत मऊ पॉलिकॉटनचा शर्ट घाला आणि पाऊस आला तरच जॅकेट सॅकमधून बाहेर काढून वर चढवा. दुसरी गोष्ट धुण्याची. कपडे उजळ दिसावेत म्हणून बऱ्याच पावडरींत एक द्रव्य असतं, ते अतिनील प्रकाशात चमकतं. ती चमक निळसर असते, त्यामुळं मळकट रंगाचा कपडाही उजळ दिसतो. अंगावर झाडपाल्याचा छाप घालून कपडे मात्र अशा पावडरीत धुणारे मी बघतो, तेव्हा वाईट वाटतं. छापापेक्षा मळकट एकरंगी कपडा आणि शांत बसणं जास्त उपयोगी पडतं.

लष्करी छापाचं उत्तर सरळ आहे. मुलाने नकार दिला तो माझ्या सांगण्यावरून, आणि मी त्याच्या पाठीशी आहे. सैन्याने २०२२ च्या जानेवारीत नवा गणवेश आणला, त्याच्या डिझाइनचे हक्क सैन्याने नोंदवून घेतले आहेत आणि तो छाप बाजारात विकायला परवानगी नाही. सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून तसा पेहराव करणं भारतीय न्याय संहितेतही गुन्हा आहे. तुमचा तसा हेतू नव्हता, हे मला मान्य आहे. पण जंगलाच्या हद्दीत त्या कपड्यात फिरणाऱ्याला वनरक्षक थांबवणार, चौकशी करणार, आणि त्यांनी तसं करणं बरोबरच आहे. या कोल्हापुरात घराघरातून पोरं फौजेत गेली आहेत. त्यांचा गणवेश मी हँगरला लावून विकणार नाही.

राहिलं एक. एका धुण्यानंतर जॅकेटवर पाण्याचे थेंब टिकत नाहीत, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यात फॅब्रिक कंडिशनर घातला होता का, बघा. तो आणि पावडरीचा राहिलेला अंश कापडावर बसला की थेंब ओघळत नाहीत, कापड पाणी पितं. अगदी थोड्या सौम्य द्रव साबणाने धुवा, दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात खळबळा, वाळल्यावर वर पातळ सुती कापड टाकून अगदी मंद इस्त्री फिरवा. उष्णतेने पाणी ओघळवणारा वरचा थर पुन्हा काम करू लागतो. तरीही थेंब टिकले नाहीत तर वरून मारायचा स्प्रे मिळतो. आणि ओलं जॅकेट घडी घालून गाडीच्या डिकीत ठेवू नका. दमट उष्णतेत आतलं कोटिंग चिकट होऊन सुटायला लागतं, आणि मग कुणीच ते दुरुस्त करू शकत नाही.

आता तुमच्यासाठी. जॅकेट घेऊन दुकानात या. आमच्याकडं नळ आहे, आतून टिशू पेपर लावून तुमच्यासमोर शिवणींवर पाणी सोडू. टिशू कुठंही ओला झाला तर त्याच दिवशी नवीन जॅकेट किंवा पूर्ण पैसे, जे तुम्ही सांगाल ते. टिशू कोरडा राहिला तर जॅकेट तुमचंच राहील, आणि आत घालायला एक सिंथेटिक बनियन माझ्याकडून घेऊन जा, त्याचे पैसे घेणार नाही. ते घालून, काखेतल्या झिपा उघड्या ठेवून पुन्हा त्याच घाटात जा, आणि मग अभिप्राय बदलायचा की तसाच ठेवायचा ते तुम्ही ठरवा. येताना बिल आणायची गरज नाही, तुमच्या मोबाइल नंबरवर नोंद आहे.