‘सीटीचे पैसे वाया गेले’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. वडिलांना घास अडकतो म्हणून आमच्याकडे छातीचा सीटी केला, रिपोर्टमध्ये ठाम निदान नाही, वर ‘एंडोस्कोपी आणि मॅनोमेट्री करून घ्या’ म्हणून हात झटकले, शेवटी अकलेशिया निघाला तो दुसरीकडच्या मॅनोमेट्रीत, अशी तुमची तक्रार. रिपोर्टचा फोटो तुम्हीच नाव झाकून टाकलाय, म्हणून तेवढ्यापुरतंच इथे बोलतो.

अकलेशियात अन्ननलिकेच्या तळाची झडप गिळताना सैल पडत नाही. नळाच्या फोटोवरून पाण्याचा दाब सांगता येईल का? सीटीत दिसतात ते परिणाम: फुगलेली नलिका, आत साचलेलं अन्नपाणी, खाली निमुळतं टोक. सुरुवातीला तर तेही दिसत नाहीत. मॅनोमेट्रीत नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेतला दाब प्रत्यक्ष मोजतात. तीन प्रकारांपैकी अकलेशिया कुठला, हेही तिथेच कळतं आणि उपचार ठरवताना ते लागतं.

मग सीटी कशाला? वय ६४, त्रास तीनच महिन्यांचा, वजन भराभर उतरलेलं, हे तुमच्याच रिव्ह्यूत आहे. अकलेशिया सहसा वर्षानुवर्षं रेंगाळतो. साठीनंतर असा झपाट्याने वाढणारा त्रास दिसला की जठराच्या तोंडाशी कॅन्सर तर नाही ना, ही शंका आधी फेडावी लागते. तो हुबेहूब अकलेशियाचं सोंग घेतो, बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेला फसवतो, कधी कधी मॅनोमेट्रीलाही. म्हणून आम्ही सीटीत नलिकेची भिंत आणि आजूबाजूचा भाग बघतो: एकाच बाजूला जाड झाली आहे का, शेजारी गाठी आहेत का, लिव्हरमध्ये काही दिसतंय का. तुमच्या रिपोर्टमध्ये यातलं काहीही नाही, असं स्पष्ट लिहिलंय. पैसे त्या ओळीचे होते. कॅन्सर निघाला नाही म्हणून तपासणी फुकट गेली, हा हिशोब मला पटत नाही. एंडोस्कोपी तरीही लिहिली, कारण आतल्या अस्तरातली छोटी गाठ सीटीतून निसटू शकते.

सीटीसाठी थांबावं लागलं, ही तुमची तक्रारही खरी. मधे अपघाताचा पेशंट आला होता. तसा आला की तो आधी घेणार, यापुढेही.

पैसे परत करणार नाही. पण सीटीची सीडी आणि मॅनोमेट्रीचा रिपोर्ट घेऊन कुठल्याही शनिवारी दुपारी या, स्क्रीनवर सगळं दाखवून समजावतो, त्याची फी नाही. उपचाराआधी कुणी पुन्हा सीटी सांगितला तर आधी हीच सीडी त्यांना दाखवा, उगाच दुसऱ्यांदा रेडिएशन नको. उपचारानंतर नलिका नीट रिकामी होते का, हे बघायला एरवी सीटी लागत नाही. बेरियम पाजून १, २ आणि ५ मिनिटांनी एक्स-रे काढतात.