क्रू म्हणजे नुसतं वजन नव्हे!

"अच्छा, म्हणजे बोट तू चालवत नाहीस?" या प्रश्नाने डोकं उठलंय. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये शिकते, कॉलेजच्या सेलिंग टीममध्ये (शिडाच्या बोटींच्या शर्यती) क्रू आहे, आणि अख्खा सीझन हेच ऐकतेय.

४२० डिंगी, म्हणजे आमची छोटी शिडाची बोट, दोघांची असते. सुकाणू आणि मोठं शीड स्किपरकडे. जिब, म्हणजे पुढचं शीड, क्रूकडे. पाणी कुठे गडद झालंय, वाऱ्याचा झोत कुठून येतोय ते मी बघायचं, ओरडून सांगायचं, बोट कलली की पट्ट्याखाली पाय अडकवून अख्खं अंग बाहेर टाकायचं. रोल टॅक घेताना, म्हणजे बोट मुद्दाम कलवून वाऱ्याच्या तोंडातून वळवताना, दोघांचं वजन एकाच क्षणी हललं नाही तर बोटीचा वेग मरतो. मार्चमध्ये नॅरागॅन्सेट उपसागराचं पाणी इतकं गार, की ड्रायसूट (पाणी आत न शिरणारा पोशाख) घालूनही बोटं दोरीवर वळत नाहीत. तरी शर्यत जिंकली की "काय चालवली स्किपरने!" आणि हरलो की "क्रू कमी पडली."

अरे, कॉलेज सेलिंगची राष्ट्रीय संघटनासुद्धा ऑल-अमेरिकन क्रूची वेगळी यादी काढते! मग आपल्याच टीममधल्यांना काय धाड भरलीये? नवीन मुलींना तर कुणी विचारतही नाही, अंगकाठी बघून थेट पुढे बसवतात. निदान सरावात तरी सुकाणू द्या ना त्यांच्या हातात! आणि शर्यतीनंतर वारा कुठे फिरला हे कोचने आधी क्रूला विचारावं. तिनेच तो पाहिलेला असतो.