‘विमा कशाला, रोख द्या’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

छोट्या कारखानदारांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘कामगारांच्या बायकापोरांचा खर्च मालकाने का उचलायचा?’ हा त्याचा सूर. मुद्दे पाच. कुटुंबाचा मेडिक्लेम बंद करून तेवढे पैसे पगारात रोख द्या. दर बाळंतपणाला २६ आठवडे रजा द्यावी लागते, त्याने छोटी कंपनी बुडते. म्हणून लग्नाच्या वयाच्या मुली कामावर घेऊ नका. पाळणाघराची सक्ती आता सगळ्यांना लागू आहे. आणि बापाला सुट्टी हवीच कशाला?

असे मेसेज मी एरवी वाचतही नाही. पण हा माझ्या धाकट्या दिराने पाठवला. त्याचं तीसेक माणसांचं वर्कशॉप आहे. काही जण ईएसआयत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, बाकीच्यांसाठी त्याने ग्रुप मेडिक्लेम घेतलाय आणि तो लवकरच रिन्यू करायचाय. मेसेजखाली त्याने लिहिलं होतं, ‘वहिनी, पटतंय मला. यंदा बंदच करतो.’ मी कंपन्यांच्या मेडिक्लेमचंच काम करते. गप्प बसणं शक्य नव्हतं.

रोख पैशांचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. ‘ज्याला हवी तो स्वतःची पॉलिसी काढेल.’ काढेल, पण त्यात काय मिळेल? वैयक्तिक पॉलिसीत अपघात सोडला तर पहिले ३० दिवस काहीच मिळत नाही. आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपनी ३६ महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकते. बाळंतपण कित्येक पॉलिसींत नसतंच, आणि असलं तरी बहुधा दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. जिला सातवा महिना लागलाय, तिच्या नवऱ्याने वाढीव पगारातून आज पॉलिसी घेतली तर या बाळंतपणाला तिचा काडीचाही उपयोग नाही.

ग्रुप पॉलिसीत हे सगळे वेटिंग पीरियड, म्हणजे थांबायच्या मुदती, माफ करून घेता येतात. जुनी शुगर, मुलाचा दमा, बाळंतपण, सगळं पहिल्या दिवसापासून. कारण साधं आहे. विमा कंपनी इथे धडधाकट आणि आजारी अशी सगळी माणसं एकत्र घेते. एकेकट्याला पॉलिसी देताना तिला भीती असते की हा आजारी आहे म्हणूनच आलाय. म्हणून ती अटी घालते. हा फायदा गटाचा आहे. पगारात चार पैसे जास्त टाकून तो एकेकट्याला विकत घेता येत नाही.

हे माझ्या कामाच्या टेबलावर कसं दिसतं तेही सांगते. अपुऱ्या दिवसांचं बाळ एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पेटीत असतं. फाइलवर त्याला नाव नसतं, नुसतं ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. बाप डिपॉझिटची पावती हातात घेऊन बाहेर बसलेला, आणि रोज बिलिंग काउंटरवरून बोलावणं. पॉलिसीत नवजात बाळ पहिल्या दिवसापासून असेल, तर आईच्या कार्डावर विमा कंपनीकडे खर्चाची मंजुरी मागता येते. बऱ्याच वैयक्तिक पॉलिसी मात्र मूल ९० दिवसांचं झाल्यावरच घेतात. मग तो बाप दागिने गहाण ठेवतो, नाहीतर मालकाकडेच उचल मागायला येतो. प्रीमियम वाचवलेल्या मालकाने त्या वेळी काय उत्तर द्यायचं, ते मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.

म्हणून दिराला सांगितलं, बंद करू नकोस, उलट एजंटला नीट प्रश्न विचार. बाळ पहिल्या दिवसापासून आहे का? त्याचा खर्च बाळंतपणाच्या मर्यादेतूनच कापतात की विम्याच्या मूळ रकमेतून? नवीन बाळाचं नाव किती दिवसांत कळवायचं? ही शेवटची मुदत नोटीस बोर्डावर लाव, कारण ती चुकली म्हणून क्लेम अडकतात.

कराचंही बघा. मालकाने भरलेला प्रीमियम कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरत नाहीत. तेच पैसे पगारात दिले तर ते करपात्र, आणि नव्या करप्रणालीत स्वतः भरलेल्या आरोग्य विम्याच्या प्रीमियमची वजावटही नाही. मालकाला तर हा धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो.

नोकरी गेली की ग्रुपचा विमा गेला, हे मात्र खरं आहे. त्यामुळे जोडीला स्वतःची एक छोटी पॉलिसी असावी, आणि नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी मुदतीत अर्ज करावा. पण म्हणून ग्रुपचीच काढून टाका, हा कुठला न्याय?

आता बाळंतपणाची रजा. ‘दर बाळंतपणाला २६ आठवडे’ हे खोटं आहे. १९६१चा मातृत्व लाभ कायदा आणि त्याची २०१७ची दुरुस्ती वाचा. सामाजिक सुरक्षा संहितेतही त्याच तरतुदी आल्या आहेत. २६ आठवडे पहिल्या दोन मुलांपर्यंत, त्यानंतर १२. आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असावं लागतं. आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असून ती ईएसआयत असेल, तर रजेचे पैसे ईएसआय देतं, मालक नाही. त्यासाठी तो दरमहा पगाराच्या ३.२५ टक्के भरतोच.

त्याहून जास्त पगार असेल तर २६ आठवड्यांचा सगळा भार एकट्या मालकावर पडतो, हे मला मान्य करावं लागतं. तीस माणसांच्या वर्कशॉपला तो जड जातो, वर बदली माणसाचाही खर्च. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०००चा करार, क्रमांक १८३, हेच म्हणतो की हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून व्हावा, एकट्या मालकावर पडू नये. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. तेव्हा तक्रार रास्त आहे. ती घेऊन सरकारकडे जा, संघटनेमार्फत मागणी करा. तिचा राग मुलाखतीला आलेल्या मुलीवर काढू नका.

कारण तिसरा मुद्दा सरळ बेकायदा आहे. बाई म्हणून भरतीत डावलायला १९७६च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे, वेतन संहितेतही ती आहे. रजेवर असताना काढून टाकणंही बेकायदा. आणि हा सल्ला शेकडो मालकांना लेखी पाठवणाऱ्याच्या घरात मुली नाहीत का? त्या शिकून उद्या नोकरी शोधणार नाहीत का?

पाळणाघराची सक्ती ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथेच आहे. तीस माणसांच्या वर्कशॉपला ती लागूच नाही. विषय संपला.

राहिला बाप. खासगी नोकरीत त्याला रजा देणारा कायदा नाही, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात. पण मंजुरीचे कागद, रक्ताची धावपळ, डिस्चार्ज, जन्माची नोंद, विम्यात बाळाचं नाव घालणं, हे सगळं त्या आठवड्यात बहुतेक तोच करत असतो. मालकाला ही रजा द्यायला कायद्याची वाट बघावी लागत नाही. १५ दिवस जमत नसतील तर निदान एक आठवडा पगारी द्या, आणि तो त्याच्या हक्काच्या रजेतून कापू नका.