समुद्राची वीज आणि भिंतीचा खर्च

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला भारतातून एक ठरलेला प्रश्न येतो, बहुतेकदा कुठल्यातरी फॉरवर्डच्या शेपटीला बांधून. तुमच्याकडे म्हणे समुद्रातून वीज काढतात, मग साडेसात हजार किलोमीटर किनारा असून आपण का नाही काढत? विचारणाऱ्याचं उत्तरही तयार असतं: आपल्याकडे इच्छाशक्तीच नाही. मला हे निदान पटत नाही. इथे इच्छाशक्ती ओसंडून वाहत होती, तरी आकडे हटले नाहीत.

तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटिश सरकारचे प्रमुख, अ‍ॅलेक्स सॅमंड स्कॉटलंडला सागरी ऊर्जेचा सौदी अरेबिया म्हणत. ऑर्कनी बेटांवर 2003 साली युरोपियन मरीन एनर्जी सेंटर हे सागरी यंत्रांचं चाचणी केंद्र उभं राहिलं. तिथेच 2004 मध्ये ‘पेलामिस’ या सापासारख्या तरंगत्या यंत्राने लाटांची वीज ग्रीडमध्ये सोडली. अशा तीन यंत्रांचा संच 2008 मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्यावर लागला आणि काही महिन्यांत परत ओढून आणावा लागला. कंपनी 2014 मध्ये बुडाली. पुढच्याच वर्षी ‘ऑयस्टर’ हे लाटांवरचं यंत्र बनवणारी अ‍ॅक्वामरीन पॉवर गेली. भारतात फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये ही यंत्रं अजून दिमाखात डुलत असतात.

भरतीच्या प्रवाहाची गोष्ट बरी आहे. पेंटलँड फर्थ या सामुद्रधुनीत मेजेन प्रकल्पाची प्रत्येकी दीड मेगावॉटची चार जनित्रं बसली आहेत. पाण्याखालच्या पवनचक्क्याच त्या. चालतात, वीजही देतात. प्रश्न दराचा. ब्रिटिश सरकारच्या 2024 च्या लिलावात प्रवाहाच्या विजेला मेगावॉट-तासामागे (म्हणजे हजार युनिटमागे) 172 पौंड मिळाले, तर समुद्रातल्या नव्या पवनचक्क्यांना 59 पौंडांच्याही आत. दोन्ही आकडे 2012 च्या किमतींतले, म्हणजे महागाई वर वेगळी. रुपयांत सांगायचं तर प्रवाहाची वीज युनिटला वीसच्या आसपास. तेही सरकारने या तंत्रासाठी वेगळी रक्कम राखून ठेवली म्हणून, खुल्या स्पर्धेत ते टिकलं नसतं.

मग ब्रिटन हे पैसे का मोजतो? पवनचक्क्यांचं तंत्र डेन्मार्कने धरून ठेवलं आणि कारखाने तिकडेच वाढले, हा सल इथे खोल आहे. या वेळी तरी उद्योग आपल्याकडे राहावा म्हणून हा खर्च चालतो. म्हणजे ही वीजखरेदी कमी आणि शिकवणी जास्त. ती घ्यावी की नाही यावर मतभेद होऊ शकतो, पण तिला स्वस्त वीज म्हणू नये.

भारतातल्या चर्चेत दोन आकडे देव्हाऱ्यात बसवलेले असतात: भरती-ओहोटीची संभाव्य क्षमता 12,455 मेगावॉट आणि लाटांची सुमारे 41,300. ही मोजदाद पाण्यातल्या ऊर्जेची आहे, परवडणाऱ्या विजेची नव्हे. सुंदरबनातल्या दुर्गादुआनी खाडीवरच्या पावणेचार मेगावॉटच्या प्रकल्पाचा खर्च 238 कोटींवर गेला, म्हणजे मेगावॉटमागे साठ कोटींहून जास्त. सौर प्रकल्पाला चार-पाच कोटी पुरतात. कच्छच्या आखातातल्या 50 मेगावॉटच्या योजनेचा अंदाज 750 कोटी होता. दोन्ही प्रकल्प खर्चापायी सोडून दिले. त्यात नाकर्तेपणा शोधणाऱ्यांनी शेजारचा आकडाही पाहावा: डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्याच लिलावात सौरविजेचा दर युनिटला 1 रुपया 99 पैसे लागला होता.

यावर हमखास येणारा युक्तिवाद असा की भरतीचं वेळापत्रक शंभर वर्षं आधी छापता येतं, ऊन-वाऱ्याचं नाही. खरं आहे. पण वेळ ठाऊक असणं वेगळं आणि वेळ सोयीची असणं वेगळं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी सरकते. संध्याकाळी सातची मागणी काही सरकत नाही. शिवाय बंधाऱ्यामागे पाणी अडवून काढलेली वीज भरती-ओहोटीतल्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) तुलनेत भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) ही उंची निम्मी झाली, तर वीज चौथ्या हिश्श्यावर येते. खंभातच्या आखातात उधाणाला दहा मीटरच्या वर फरक पडतो. मुंबईकडे तो चार-पाच मीटर, म्हणून कोकणातल्या खाड्यांची या बाबतीत खंभातशी बरोबरीच नाही. आणि दुसरीकडे बॅटरीसह सौरविजेच्या निविदा चार रुपयांच्या आत आल्या आहेत.

खरी मेख व्याजात आहे. समुद्राच्या विजेला इंधन लागत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी होतो आणि कमाई पुढची कित्येक दशकं ठिबकत राहते. फ्रान्समधला ला रान्सचा 240 मेगावॉटचा बंधारा 1966 पासून चालू आहे. सरकारी पैशाने बांधलेला. आता हिशेब करा: पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत तीन टक्के दराने तेवीस रुपये होते, दहा टक्के दराने पंच्याऐंशी पैसे. भारतात कर्ज यातल्या दुसऱ्या दराच्या जवळ मिळतं. इतकंच काय, ब्रिटनलाही हे गणित जमलं नाही. वेल्समधल्या स्वान्सी उपसागराच्या 320 मेगावॉटच्या, 1.3 अब्ज पौंडांच्या योजनेला चार्ल्स हेन्ड्री यांच्या सरकारी अहवालाने 2017 मध्ये हिरवा कंदील दाखवला. 2018 मध्ये सरकारने ती महाग म्हणून नाकारली.

लाटांचं आपल्याकडचं दुखणं आणखी वेगळं. यंत्र बांधायचं सर्वांत मोठ्या लाटेच्या मापाने आणि कमवायचं सरासरी लाटेवर. अटलांटिकच्या लाटा वर्षातले बरेच महिने दणकट असतात. अरबी समुद्र पावसाळ्यात चार महिने खवळतो आणि उरलेले आठ महिने सुस्त. म्हणजे पोलाद खवळलेल्या समुद्राच्या हिशेबाने घ्यायचं. त्यातही ऐन कमाईच्या दिवसांत बिघाड झाला तर दुरुस्तीची बोट न्यायची कशी? पावसाळ्यात ऊन कमी म्हणून लाटांची वीज पूरक ठरेल, असंही म्हणतात. पण त्याच महिन्यांत पवनचक्क्याही जोरात असतात, त्याही कितीतरी स्वस्तात.

तरीही हा विषय बंद करावा असं माझं म्हणणं नाही. जगात जिथे हे गणित थोडंफार जुळलं, तिथे भिंतीचा खर्च बहुधा दुसऱ्याच कशाच्या तरी खात्यावर पडलेला दिसतो. दक्षिण कोरियाचं सिह्वा केंद्र 254 मेगावॉटचं आहे, ला रान्सहून मोठं. तिथला समुद्रबांध शेती आणि गोड्या पाण्यासाठी आधीच बांधलेला होता. आतलं पाणी सडलं, ते खेळतं करण्यासाठी दारं उघडावी लागली आणि त्याच बांधात 2011 मध्ये जनित्रं बसली. स्पेनमधल्या मुत्रिकू बंदरात लाटा थोपवण्याच्या भिंतीतच हवेचे कप्पे ठेवून 296 किलोवॉटचं केंद्र केलं. लाट आत शिरली की कप्प्यातली हवा ढकलली जाते आणि जनित्र फिरतं. आकार लहान, पण भिंत बंदराला हवीच होती.

गंमत म्हणजे हे आपण त्यांच्या आधी करून पाहिलं आहे. आयआयटी मद्रासच्या अभियंत्यांनी केरळातल्या विळिंजम इथे मच्छीमार बंदराच्या लाटारोधक बांधालगत 1991 मध्ये 150 किलोवॉटचं लाटांचं केंद्र चालवलं. ते पुढे बंद पडलं. आज त्याच किनाऱ्यावर मोठं आंतरराष्ट्रीय बंदर आहे, सुमारे तीन किलोमीटरच्या नव्या बांधासह. महाराष्ट्रात वाढवणला दहा किलोमीटरचा बांध नियोजित आहे. त्या बंदराला मच्छीमारांचा विरोध आहे. तो प्रश्न स्वतंत्र, विजेचं गाजर दाखवून तो मिटवू नये. पण जिथे बांध होणारच असेल, तिथे कप्पे ठेवायचे की नाही हे नकाशावर असतानाच ठरवावं लागतं. काँक्रीट ओतल्यावर नाही.

मुंबईत भारत पेट्रोलियम आणि इको वेव्ह पॉवर या कंपनीने 2025 मध्ये 100 किलोवॉटच्या चाचणी केंद्राचा करार जाहीर केला आहे. या कंपनीचे तराफे भर समुद्रात जात नाहीत, धक्क्याला किंवा बांधाला टांगले जातात, म्हणून मला तो करार रास्त वाटतो. 100 किलोवॉटने मुंबईचं काही भागणार नाही आणि तशी अपेक्षाही नको. फक्त दर महिन्याला किती युनिट निघाले, पावसाळ्यात किती दिवस यंत्र बंद होतं आणि दुरुस्तीला किती खर्च झाला, हे तीन आकडे जाहीर करण्याची अट करारात असावी.