नळ गळतो, म्हैस गाजते

परवा आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत आमच्या पाचवीच्या व्हिडिओला प्रमाणपत्र मिळालं. त्यावर लिहिलंय : 'उत्कृष्ट निसर्ग व प्राणी चित्रण'. व्हिडिओ आहे पाण्याच्या टाकीखालच्या गळक्या नळाचा. लांबी दोन मिनिटं दहा सेकंद. त्यात म्हैस आहे फक्त एकोणीस सेकंद. मी मोजलेत. रात्री, घरी, दोनदा.

पाचवीच्या परिसर अभ्यासात 'आपणच सोडवू आपले प्रश्न' असा पाठ आहे. तो नुसता वाचून घेतला की मुलं वहीत लिहितात, 'समस्या सर्वांनी एकत्र येऊन सोडवाव्यात', आणि दप्तर भरतात. म्हणून म्हटलं, एक खरा प्रश्न घ्यायचा, मोजायचा आणि चित्रित करायचा. पाच जणांचा गट. एक कॅमेरा धरणार, एक बोलणार, एक प्रश्न विचारणार, एक आकडे टिपणार आणि पाचवा बघ्यांना गप्प करणार. पाचवं काम सगळ्यात दणकट पोराला द्यावं. मी ते सगळ्यात शहाण्या मुलीला दिलं. चूक माझीच.

तांत्रिक बाजू अवघड नाही. सकाळी नऊच्या आत जायचं, सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी घ्यायचा. फोन आडवा धरायचा आणि विमान मोडवर टाकायचा, नाहीतर ऐन वाक्यात 'मम्मी' असं स्क्रीनवर झळकतं. चित्रापेक्षा आवाजच जास्त फसतो. टाकीजवळ वारा असतो आणि हातभर लांबच्या फोनमध्ये तो पोरापेक्षा मोठ्याने बोलतो. त्यावर उपाय म्हणजे दुसरा फोन रेकॉर्डर म्हणून चालू करायचा, रुमालात गुंडाळायचा आणि बोलणाऱ्याच्या वरच्या खिशात ठेवायचा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, म्हणजे नंतर दोन्ही फाइली जुळवता येतात. एक. आमच्याकडे अकरा वाजल्या, शेवटच्या तीन बघ्यांच्या.

संहितेचंही तसंच. दहा वर्षांचं मूल समजेल असं बोललं तर मिनिटाला नव्वदेक शब्द होतात, म्हणजे दोन मिनिटांना १८०. गटाने लिहून आणले सहाशे, आणि सुरुवात 'आपला भारत देश कृषिप्रधान आहे' अशी. नळापर्यंत पोचायला दीड पान. कात्री लावायची ती कागदावरच, अ‍ॅपमध्ये गेल्यावर नाही.

आणि मुलांना मी बजावलं होतं, की विचारल्याशिवाय कुणालाही चित्रित करायचं नाही. पाणी भरायला आलेल्या बायकांना तर नाहीच. इथेच घात झाला. नळाखाली आबा म्हैस घेऊन उभे होते. मुलांनी त्यांना रीतसर विचारलं, "आबा, तुम्हाला व्हिडिओत घेऊ का?"

आबा म्हणाले, "थांबा, टोपी बदलून येतो."

वीस मिनिटांनी इस्त्रीची टोपी घालून आले. येताना म्हशीच्या शिंगांना तेल लावून आले. तोवर मुलांनी नळाखाली दहा लिटरची बादली लावून वेळ धरली होती. पंचवीस मिनिटांत भरली. तासाला २४ लिटर, दिवसाला ५७६. जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोजचे ५५ लिटर, म्हणजे जवळजवळ साडेदहा माणसांचं पाणी गटारात. आमचा बोलणारा हे कॅमेऱ्यासमोर बोलला. सुरेख बोलला. तेवढ्यात मागून आवाज आला :

"गटारात कुठं? माझी म्हस पिती की."

"आबा, टेक चालू आहे."

"चालू दे. खोटं बोलू नगं म्हंजे झालं."

दुसरा टेक. "साडेदहा माणसांचं पाणी..."

"आन एक म्हस धर."

आकडे टिपणारी मुलगी भलती चिकट. तिने विचारलं, "आबा, म्हैस दिवसाला किती पिते?"

"साठ लिटर. उन्हाळ्यात जास्त."

तिने वहीत वजाबाकी केली. "मग ५१६ लिटर कोण पितं?"

आबांनी टोपी सारखी केली. म्हशीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, पोरांना हिशेब जास्त शिकवताय तुम्ही."

"आबा, वायसर बदलला की नळ थांबतो. दहा-वीस रुपयांचं काम."

"आन मग हिला घेऊन वढ्यावर कोण जाईल, तुमचं मिशन?"

सार्वजनिक मालमत्ता, सामाईक हित, हितसंबंधांचा संघर्ष असं सगळं नागरिकशास्त्र त्या एकोणीस सेकंदांत आहे. मी मुद्दाम कापलं नाही. परिषदेत मात्र एक गुरुजी म्हणाले, "म्हशीचा क्लोजअप काय आलाय! कुठला फोन?" दुसऱ्यांनी पार्श्वसंगीत घालायला सांगितलं. नळाबद्दल कुणी विचारलं नाही.

व्हिडिओनंतरचा भाग कुणी बघतच नाही. मुलांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला, दोन प्रतींत. एक द्यायची, दुसरीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्यायची. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं समजावं. हे त्यांना व्हिडिओ करण्याआधी शिकवायला हवं होतं. विषय ग्रामसभेत मांडायचा तर त्यासाठी मतदार लागतो, आणि माझा सगळ्यात मोठा विद्यार्थी अकराचा. एका पालकांना तयार केलं. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांपैकी जे कमी असेल ते. तेवढेही आले नाहीत. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, पण पालक लागतात, आणि ते त्या दिवशी ऊसतोडीला गेले होते. हे मुलांना कुठल्या पाठात शिकवायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.

काल गट पुन्हा बादली घेऊन गेला. वीस मिनिटांत भरली. दिवसाला ७२० लिटर. मुलगी वहीत नवा आकडा लिहीत होती, आबा मागून डोकावले.

"वाढलं व्हय?" ते खुशीत म्हणाले. "मग दुसरी म्हस बघाया हरकत न्हाई."